चपला खाली

कार्तिक सरत आला की आमच्या घरी नवा तांदूळ शिजतो. सून आधणात तांदूळ वैरते, वर झाकण ठेवते आणि थोड्या वेळानं तो वास घरभर होतो. नातवंडं म्हणतात, "आजी, काय मस्त वास सुटलाय." शेजारी पुण्याची मंडळी आहेत, पळसदरीच्या वाटेवरची भाताची खाचरं बुजवून त्यांनी बंगला बांधलाय. ती तर आमच्या कुंपणाशी थांबून श्वास ओढतात आणि मला सांगतात, की हा खरा गावाचा वास. खाचरं यांनीच बुजवायची आणि वासाचं कौतुक मला सांगायचं. असो. मी उठून मागच्या पडवीत जाऊन बसते, कारण मला मळमळतं.

कुणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी मी या वासावर जीव टाकायची. माझा जन्मच भातशेतीतला. कापणी झाली की खळ्यावर झोडणी सुरू व्हायची, पेंढ्याच्या उडव्या रचल्या जायच्या आणि आम्ही पोरं त्यावरून घसरत खाली यायचो. अंगभर तूस टोचायचं. मानेला, काखेत खाज सुटायची. आई खोबरेल चोळत म्हणायची, "नको खाजवू गं, आजून वाढल." मग नव्या तांदळाची पेज, तीत मिठाचा खडा, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. त्या पेजेची वाफ तोंडावर घेताना वाटायचं, वर्षभरात याहून चांगला दिवस येत नाही.

ती चव माझ्या तोंडातून गेली ती एका हंगामात. सरकारनं अपंगांचं वर्ष साजरं केलं होतं, त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या समारंभांच्या लाटेत आमच्या कर्जतलाही अपंगांच्या हक्कांसाठी म्हणून एक संस्था निघाली. अध्यक्ष अण्णासाहेब, भाताच्या गिरणीचे मालक. उपाध्यक्ष गावातले डॉक्टर. दोन व्यापारी सभासद, ज्यांनी चहा आला का याखेरीज कधी तोंड उघडलं नाही. आणि चिटणीस मी. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि माझं अक्षर सुंदर होतं, एवढीच माझी लायकी. पाचजणांत अपंग एकही नव्हता. हे मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही. आता लिहिताना स्वतःचीच शिसारी येते.

बैठका अण्णासाहेबांच्या गिरणीच्या माडीवर व्हायच्या. खाली भात सडायचा हलर धडधडतोय, पट्टा फिरतोय, हमाल पोती काट्यावर टाकताहेत, आणि कोंड्याची बारीक भुकटी फळ्यांच्या फटींतून वर येऊन आमच्या कपांत बसतेय. वर जायला लाकडी जिना होता. सरळसोट, अरुंद, कठडा एकाच बाजूला. त्या जिन्यानं वर जाऊन आम्ही महिन्यातून एकदा पांगळ्या माणसांच्या हिताची चर्चा करायचो.

संस्थेचं खरं काम करायचा तो मिलिंद. कमिटीत नव्हता, पगार नव्हता, नुसता यायचा. त्याचे वडील रेल्वेत गँगमन, घाटातल्या ठाकुरवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्याचं लहानपण गेलं. पोलिओनं दोन्ही पाय गेले तेव्हा तो जेमतेम चालायला शिकला होता. पुढं कर्जतला मामाकडे, बौद्ध वस्तीत राहून मॅट्रिक झाला. तो हातांवर चालायचा. तळहातांत रबरी चपला घालून, अंग उचलून पुढं टाकायचा, आणि सरळ रस्त्यावर माझ्यासारखीला मागे टाकायचा. चपलांचे पट्टे तो चांभाराकडून तळहाताच्या मापानं शिवून घ्यायचा. एकदा मला म्हणाला, "बाई, तुमचा जोड दोन वर्सं जातो. माझा चार महिने. चालणं जास्त हाय ना माझं."

खरंच होतं ते. अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि तो मिळायचा अलिबागला. म्हणजे ज्याला घरातल्या घरात हलता येत नाही त्यानं पनवेलला एसटी बदलून अलिबाग गाठायचं, रांगेत बसायचं आणि डॉक्टर रजेवर आहेत हे ऐकून परत यायचं. मिलिंदनं पत्रांवर पत्रं लिहून सरकारी डॉक्टरांनाच कर्जतला आणलं. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात शिबिर झालं. कुणी पाठुंगळीवर आलं, कुणी टेंपोत भाताच्या पोत्यांवर बसून. दुपारपर्यंत व्हरांडा भरला. मी या तालुक्यात जन्मले, पण एवढी माणसं आपल्या आसपास राहतात हे मला त्या दिवशी कळलं. घरांच्या मागच्या खोल्यांत होती ती.

लोधिवलीचा गणपत आंधळा. बाप वारल्यावर भावांनी त्याचं नाव सातबाऱ्यावर येऊच दिलं नाही. आंधळ्याला जमीन काय करायची, दोन वेळचं जेवण देतोय ना, असं म्हणून. मिलिंद तलाठ्याच्या दारात तीन दिवस बसून राहिला. ओरडला नाही, भांडला नाही, नुसता दाराच्या मधोमध बसला. तलाठ्याला येता-जाता त्याला ओलांडून जावं लागायचं. तिसऱ्या दिवशी तलाठ्याला लोकांची लाज वाटली आणि वारस म्हणून गणपतच्या नावाची नोंद झाली. त्या सुगीला गणपतच्या वाट्याचं भात त्याच्या स्वतःच्या नावानं आलं. त्यानं आठवणीनं आम्हाला नवे तांदूळ पाठवले. मी त्याची पेज केली होती. चांगली लागलेली ती शेवटची.

"सेवा" हा शब्द अण्णासाहेबांना फार प्रिय. प्रत्येक भाषणात तीनदा. मिलिंद ऐकून घ्यायचा आणि बाहेर आल्यावर मला म्हणायचा, "सेवा देवाची करा म्हणावं. आमचं काय हाय ते आमाला द्या, बास."

मग मुंबईच्या एका ट्रस्टनं कळवलं, की संस्था चालवायला पूर्णवेळ मुख्य अधिकारी नेमा, पगार आम्ही देऊ. मला वाटलं, प्रश्नच मिटला. मिलिंदलाही वाटलं. त्यानं शंभर पानी वही काढली आणि त्यात लिहून ठेवलं: दर महिन्याला दाखल्याचं शिबिर, एक कर्जतला, एक खालापूरला. कमिटीत निम्मी माणसं आपली. प्रत्येक गावात एक वाचता येणारा माणूस. घरचे त्याच्या मागे लागले होते, फुकट किती दिवस राबणार म्हणून. कल्याणच्या भावानं घड्याळदुरुस्तीच्या दुकानात त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. ही नोकरी मिळाली नाही तर त्याला कल्याणला जावंच लागणार होतं. आणि तो गेला तर हे सगळं काम गेलं, हे मला ठाऊक होतं. नंतर मी माहीत नव्हतं असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले, म्हणून इथं लिहून ठेवते, की ठाऊक होतं.

अण्णासाहेब म्हणाले, "बाई, तुमच्या झकास अक्षरात जाहिरातीचा मसुदा करून टाका." मी शाळेच्या फायलीतली जुनी जाहिरात काढली. शिपायापासून मास्तरापर्यंत सगळ्यांना तीच चालायची, फक्त पदाचं नाव बदलायचं. मी पदाचं नाव बदललं आणि बाकीचं जसंच्या तसं उतरवलं. शेवटचं वाक्य होतं, "उमेदवार निर्व्यंग व सुदृढ प्रकृतीचा असावा." ते मी उतरवलं, समासाची रेघ मारली, बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. अपंगांच्या संस्थेचा मुख्य निर्व्यंग असावा, हे पाच शहाण्यांनी कानांनी ऐकलं आणि एकालाही ठसका लागला नाही. डॉक्टर म्हणाले, "वा, मुद्देसूद." जाहिरात साप्ताहिकात छापून आली.

रविवारी सकाळी मी अंगणात भात वाळत घालत होते. मिलिंद आला, हातातल्या चपलांनी फाटक ढकलत. खिशात साप्ताहिकाची घडी. ती माझ्यासमोर उलगडून म्हणाला, "बाई, जाहिरात झकास हाय. फक्त ह्यात आमी बसत नाय."

मी शेवटची ओळ वाचली. "अरे, चूक झाली रे. जुन्यावरून उतरवलं मी."

"वाटलंच मला. लिहिणं तुमचं, पण बोलणं तुमचं नाय." तो हसत होता. खरंच हसत होता, टोमणा नव्हता त्यात. "दुरुस्ती करून घ्या. तवर मी अर्ज टाकतो."

मी त्याच दिवशी अण्णासाहेबांकडे गेले. ते गिरणीच्या दारात नवं भात मुठीत घेऊन दाणे दाताखाली फोडून बघत होते. त्यांनी तूस थुंकलं आणि म्हणाले, "आता छापून आलंय ना, राहू द्या. एवढं बारीक कोण वाचतं? अर्ज करू दे त्याला, आपण कुठं नाही म्हणतोय." मी घरी आले. सुटल्यासारखं वाटलं. ती सुटका आठवली तरी आता अंगावर काटा येतो.

नेमणूक कुणाची झाली ते सांगून टाकते, उगाच ताणून धरण्यासारखं त्यात काही नाही. मुंबईच्या मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले एक साहेब होते. चौक गावाच्या बाजूला त्यांनी बाग घेतली होती आणि वेळ जात नव्हता. त्यांना घेतलं. साहेबांनी पहिल्या महिन्यात पाटी नवी रंगवली, दुसऱ्या महिन्यात दाखल्यांची शिबिरं बंद केली, कारण तिथं शिस्त नसते. तिसऱ्या महिन्यात तीनचाकी सायकलींच्या वाटपाचा समारंभ ठेवला. पांगळी माणसं उन्हात तीन तास बसली, पाहुणे आले, हार झाले. सायकल घेणाऱ्यानं माइकवर येऊन आभार मानायचे असा नियम होता. यादीत नाव होतं म्हणून लोधिवलीच्या गणपतलाही सायकल दिली. आंधळ्या माणसाला. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होते, मीही वाजवल्या. पुढं त्या सायकलवरून त्याचे भाऊ गवताचे भारे आणायचे.

पण माझी मळमळ त्या सायकलीची नाही. ती त्याआधीच्या दिवसाची, मुलाखतीच्या दिवसाची आहे.

दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. गिरणीत नव्या भाताची थप्पी छपराला लागलेली. माडीवर लक्ष्मीपूजनाची तसबीर अजून मांडलेली होती, हंगाम संपेपर्यंत ती हलवायची नाही अशी त्या घराची रीत. म्हणून माडीवर चपला न्यायच्या नाहीत. साहेब आधी आले. गिरणीच्या मुकादमानं धावत जाऊन एक रिकामं पोतं अंथरलं आणि त्यांचे बूट त्यावर ठेवले, कोंडा लागू नये म्हणून. साहेब मोजे घालून झपझप वर गेले.

मग मिलिंद आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत ती शंभर पानी वही. पहिल्या पायरीला हात लावला तसा मुकादम म्हणाला, "चपला खाली रं."

"ह्या पायातल्या नाय, दादा. हातातल्या हायत."

"चपला त्या चपलाच. वर लक्ष्मी हाय. काढ."

मी जिन्याच्या वर उभी होते. मला बोलता आलं असतं. मला वाटलं, रीत आहे त्यांची, उगाच वाद कशाला. मिलिंदनं चपला काढून भिंतीला नीट लावून ठेवल्या, वही दातांत धरली आणि उघड्या हातांनी चढायला लागला. पायरी-पायरीवर तुसाचा थर. खाली हमाल थांबून बघत होते. हलरही नेमका तेव्हा बंद होता, त्यामुळे त्याचा श्वास ऐकू येत होता. वर पोचला तेव्हा सदऱ्याला, विजारीला कोंडाच कोंडा, आणि तळहात लालबुंद, त्यात तुसाच्या काड्या रुतलेल्या. अण्णासाहेब म्हणाले, "अरे अरे, झटकून ये, खुर्ची खराब होईल."

साहेबांना विचारलं होतं, संस्थेबद्दल आपली दृष्टी काय. त्यांनी निष्पाप जीव, देवाची लेकरं वगैरे सांगितलं होतं. मिलिंदला पहिला प्रश्न विचारला, जिना कसा चढलास. दुसरा डॉक्टरांनी. "कितव्या वर्षी झालं? बघू, विजार वर कर जरा."

मिलिंद त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर, पाय मी अलिबागला दाखवलाय. इथं काम दाखवायला आलोय." आणि वही पुढं केली. वहीच्या कडेवर त्याचे दात उमटले होते. ती वही कुणी हातात घेतली नाही. अण्णासाहेबांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. मुद्दाम नाही, समोर होती म्हणून. त्याला खाली थांबायला सांगितलं, आणि तो पुन्हा तसाच उलटा, एक-एक पायरी उतरत गेला.

मग चर्चा. कसली चर्चा. डॉक्टर म्हणाले, "हुशार आहे, पण पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही." एक व्यापारी, जो वर्षभर बोलला नव्हता, तो म्हणाला, "आणि आपल्या लोकांना त्याच्या हाताखाली..." आणि थांबला. अण्णासाहेब घाईनं म्हणाले, "छे छे, आम्ही तसलं काही मानत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. वस्तीचं नाव न घेता वस्तीबद्दल बोलायची ही कला आमच्याकडे सगळ्यांना येते.

मी म्हटलं, "काम तर तोच करतोय." एवढं मी म्हटलं खरं.

अण्णासाहेब गोड आवाजात म्हणाले, "बाई, आमची ना कुठं आहे? पण जाहिरातीतच आहे ना, उमेदवार निर्व्यंग असावा. छापील अट आहे. मोडायची तर बैठकीच्या मिनिटांच्या बुकात लिहावं लागेल, की चिटणीसबाईंच्या चुकीमुळे अट पडली. ट्रस्टकडे प्रत जाईल. लिहा, आमची हरकत नाही."

बुक माझ्यासमोरच होतं. पेन माझ्या हातात. माझं अक्षर सगळ्या तालुक्यात नावाजलेलं, शाळा तपासायला आलेले साहेबसुद्धा वह्या दाखवायला मागायचे. त्या अक्षरात मी स्वतःच्या हातानं "चूक" लिहायची होती. एक ओळ. मी कुणाची मिंधी नव्हते. मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणाच्या पोटावर पाय येणार नव्हता, माझ्या तर नाहीच. अण्णासाहेबांनी हात वर केला, डॉक्टरांनी केला, व्यापाऱ्यांनी केला. मीही केला. आणि मग सुंदर अक्षरात लिहिलं, "सर्वानुमते."

मिलिंदला सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण बाईमाणसानं सांगितलं की बरं पडतं. मी खाली उतरले. हलर पुन्हा सुरू झाला होता. गरम कोंड्याचा आणि नव्या तांदळाचा वास एवढा दाटला होता, की घशाशी येत होता. तो जिन्याच्या तळाशी बसला होता, तळहातातून एकेक काडी काढत.

मी काही बोलायच्या आतच त्यानं माझं तोंड बघितलं. "साहेबाला घेतलं ना?"

"हो."

"हात वर करायला लावले आसतील." तो पुन्हा काडीकडे बघायला लागला. "तुमचा व्हता का, बाई?"

खोटं बोलता आलं असतं. "होता," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. एवढंच. रागावला असता, दोन शब्द सुनावले असते, तर कदाचित मी आज नवा भात जेवू शकले असते.

त्यानं भिंतीकडे हात नेला. चपला तिथं नव्हत्या. पोती वाहताना हमालांच्या पायांनी त्या दूर गेल्या होत्या, काट्याच्या पलीकडे, तुसाच्या ढिगाशी. साहेबांचे बूट तेवढे पोत्यावर जिथल्या तिथं होते. मिलिंदनं जमिनीकडे बघितलं, आपल्या तळहातांकडे बघितलं.

"बाई," तो म्हणाला, "तेवढ्या चपला सरकवता का हिकडं?"

त्या चपला हातातल्या आहेत हे साऱ्या गिरणीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा चांभार मला ठाऊक होता, किती महिने जातात ते ठाऊक होतं. माझ्या अंगावर धुतलेलं पातळ होतं, हाताच्या बोटांना मिनिटांच्या बुकाची शाई होती. वाकायचं, उचलायच्या, त्याच्या हातात द्यायच्या. चार पावलांचं काम.

मी त्या पायानं सरकवल्या. आधी एक, मग दुसरी.